टॅप कोड आणि पासवर्डला रामराम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कंपनीत पासवर्ड बंद करायचं ठरलं तेव्हा हेल्पडेस्कवर मी होतो. कंपनी म्हणजे एक ऑफिस आणि त्याला लागून तीन पाळ्यांत चालणारा कारखाना. त्या काळात लोकांनी जे विचारलं आणि जे आमचं आम्हालाच पडलं, ते सगळं इथे उतरवून ठेवलं आहे. आम्ही मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी वापरतो, म्हणजे कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा. पूर्वी त्याला ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणायचे. त्यामुळे मेनूंची नावं आणि आकडे तिथले आहेत. काही प्रश्न कर्मचाऱ्यांचे आहेत, काही ॲडमिन मंडळींचे. ते मुद्दाम वेगळे केलेले नाहीत.

टॅप म्हणजे नेमकं काय?

टेम्पररी ॲक्सेस पास, म्हणजे ठरावीक वेळेपुरता चालणारा कोड. ॲडमिन तो तुमच्या खात्यावर तयार करतो, तुम्ही तो पासवर्डच्या जागी टाकता आणि आत जाता. आत गेल्यावर एकच काम करायचं : पासकी (फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये राहणारी डिजिटल किल्ली), सिक्युरिटी की (तशीच किल्ली असलेलं छोटं उपकरण) किंवा ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिन तुमचंच असल्याची खात्री करणारं फोनवरचं ॲप) यांपैकी जे ठरलं असेल ते नोंदवायचं. उद्यापासून त्यानंच लॉगिन. कोडची वेळ संपली की तो मेला.

मायक्रोसॉफ्टनं ही सोय २०२१ मध्ये चाचणीसाठी खुली केली आणि २०२२ पासून ती सर्वांना नियमित मिळू लागली.

म्हणजे बँकेच्या ओटीपीसारखंच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाका. बँकेचा ओटीपी मशीन पाठवतं आणि तो तुमच्या नोंदलेल्या मोबाइलवर येतो. शिवाय तो पासवर्डच्या किंवा पिनच्या जोडीला असतो. टॅप कोड माणूस तयार करतो आणि माणूसच देतो. आणि तो कशाच्याही जोडीला नसतो, एकटा पुरतो. एन्ट्राच्या हिशेबात टॅपनं केलेलं साइन-इन हे मल्टिफॅक्टर, म्हणजे एकाहून जास्त पुराव्यांनी ओळख पटवल्यासारखं, धरलं जातं. म्हणजे ज्याच्या हातात कोड, त्याच्यापुढे दुसरं कुलूपच नाही.

'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे आपल्याकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. टॅपच्या बाबतीत ते वाक्य तसंच पाळा, पण ॲडमिननं त्याच्या उलट बाजूची काळजी घ्यायची असते : आपण हा कोड नक्की कोणाला सांगतोय?

पासवर्ड घालवायचा आहे, मग मध्येच हा नवा कोड कशाला?

कारण आधी कोंबडी की आधी अंडं, असा पेच आहे. पासकी नोंदवायची तर आधी खात्यात शिरायला हवं. नुसतं शिरून भागत नाही. गेल्या पाच मिनिटांत तुम्ही मल्टिफॅक्टर पडताळणी केलेली असावी लागते. सोमवारी रुजू झालेल्या मुलीकडे ना ॲप नोंदलेलं, ना की, ना फोन. ती पडताळणी कशानं करणार? पूर्वी तिला 'वेलकम@१२३' छापाचा एक पासवर्ड कागदावर लिहून द्यायचे आणि पहिल्या लॉगिनला बदलायला सांगायचे. म्हणजे पासवर्ड घालवण्यासाठी पुन्हा पासवर्डच. टॅपमुळे नवीन माणूस पासवर्डचं तोंडही न बघता कामाला लागू शकतो.

पासवर्ड रीसेट करून दिला तर काय बिघडलं?

रीसेट केलेला पासवर्ड कोणी बदलेपर्यंत जिवंत राहतो. टॅप घड्याळ बघून मरतो. शिवाय फोन हरवलेल्या माणसाला नवा पासवर्ड देऊन उपयोग नाही. पुढच्याच पडद्यावर ॲपमधला आकडा मागितला की तो पुन्हा तुमच्या दारात.

मुदत किती ठेवावी?

सिस्टिम दहा मिनिटांपासून तीस दिवसांपर्यंत काहीही ठेवू देते. मुळात ठरवून दिलेलं असतं ते असं : कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त आठ तास, आणि काहीच निवडलं नाही तर एक तास. कोडची लांबी किमान आठ, जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस अक्षरं.

तीस दिवसांची मुभा आहे म्हणून ती वापरायची नसते. आम्ही सुरुवातीला एका विभागाला आठवडाभराचे कोड काढून दिले, लोकांना सवडीनं करता यावं म्हणून. सवडीनं कोणीच केलं नाही. उलट एका सुपरवायझरनं आपल्या टीमचे सगळे कोड नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, 'प्रत्येकाने आपापला घ्यावा' अशी सूचना लिहून. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. आम्ही ते सगळे कोड रद्द केले आणि त्या दिवसापासून नियम केला : माणूस समोर बसलेला असेल तरच कोड काढायचा, आणि तासाभराचाच.

नवीन रुजू होणाऱ्यांसाठी एक चांगली सोय आहे. कोड आज काढून त्याची सुरुवात पुढची ठरवता येते. शुक्रवारी काढलेला कोड सोमवारी सकाळी नऊला जिवंत होईल असं करता येतं.

एकदाच चालणारा कोड द्यावा की अनेकदा चालणारा?

फक्त एक गोष्ट नोंदवायची असेल तर एकदाच चालणारा. पण त्यात एक मेख आहे : साइन-इन केल्यापासून दहा मिनिटांत नोंदणी पूर्ण करावी लागते. आमच्या अकाउंट्समधल्या एका काकांनी कोड टाकला, आत गेले, तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर क्रिकेटही आलं. परत आले तोवर दहा मिनिटं उलटलेली आणि कोड वापरला गेलेला. 'तुमचं मशीन थांबत नाही का दोन मिनिटं?' असं त्यांनी मला विचारलं. मी नवा कोड काढून दिला आणि नोंदणी होईपर्यंत शेजारी उभा राहिलो.

नवा लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकाच बैठकीत लावायचे असतील तर दोनदा साइन-इन करावं लागतं. तिथे अनेकदा चालणारा, पण कमी मुदतीचा कोड बरा. दहा मिनिटांची अट त्याला लागू नाही.

कोड मिळाला. आता काय करू?

कंपनीचा ईमेल टाका. पासवर्डऐवजी टेम्पररी ॲक्सेस पास मागणारी चौकट येईल, तिथे कोड टाका. मग आपल्या खात्याच्या 'सिक्युरिटी इन्फो' पानावर जा आणि नवीन साइन-इन मेथड जोडा. फोनवरच्या ऑथेंटिकेटरमध्ये पासकी ठेवायची असेल तर उलट्या बाजूनं जाणं सोपं : आधी ॲप उघडा, ऑफिसचं खातं जोडा, तिथेच साइन-इन करून हाच कोड द्या. अँड्रॉइड १४ किंवा आयओएस १७ हवं, त्याहून जुन्या फोनवर पासकी बसत नाही. हे आधी तपासा. कोडचा तास फोन अपडेट होण्यात गेलेला मी पाहिला आहे.

नोंदणी झाली की साइन-आउट करून नव्या पद्धतीनं एकदा आत येऊन दाखवा. 'झालं वाटतं' म्हणून उठू नका.

कोड मागतच नाही, पासवर्डच मागतोय.

सगळ्यात जास्त तिकिटं, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदलेल्या तक्रारी, याचीच. तीन कारणं, त्याच क्रमानं तपासा.

कोड नुकताच काढलाय का? तो सगळीकडे पोचायला काही मिनिटं लागतात. थांबा. कोडची सुरुवात पुढच्या वेळेची ठेवली आहे का? आणि तिसरं, ज्यात नवखा ॲडमिन हमखास अडकतो : एन्ट्रा कोणत्याही कर्मचाऱ्यासाठी कोड काढू देतं, पण टॅप पॉलिसीत, म्हणजे टॅप कोणी वापरायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, ज्याचा समावेश आहे त्यालाच तो वापरता येतो. कोड व्यवस्थित तयार होतो, ॲडमिनला तो हिरवागार दिसतो, आणि समोरच्याला पासवर्डचीच चौकट. पॉलिसीतला ग्रुप बघा, माणूस त्यात नसेल.

कोड चुकीचा आहे म्हणतो.

तो सिस्टिम स्वतः बनवते. लहान-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं यांची भेळ असते. आपल्या मर्जीचा सोपा कोड देता येत नाही. फोनवर सांगायची वेळ आलीच तर 'बी फॉर बॉम्बे, मोठा. डी फॉर दिल्ली, लहान' असं सांगा. आणि ॲडमिनच्या पडद्यावर कोड एकदाच दिसतो. खिडकी बंद केली की कोणालाच पुन्हा दिसत नाही, नवा काढावा लागतो. एका माणसाला एका वेळी एकच कोड असतो, त्यामुळे नवा काढला की जुना आपोआप बाद. जुनी चिठ्ठी खिशात ठेवून तोच कोड पुन्हा पुन्हा मारणारेही असतात.

माझ्याकडे स्मार्टफोन नाही. असला तरी शॉपफ्लोअरवर नेऊ देत नाहीत.

मग यूएसबीत बसणारी सिक्युरिटी की. टॅप कोडनं आत जायचं, की नोंदवायची, तिला एक पिन ठेवायचा. नंतर कोणत्याही पीसीवर की लावायची, पिन टाकायचा, वरची चकती बोटानं दाबायची. झालं.

'त्यापेक्षा पीसीवर विंडोज हॅलो लावून द्या, चेहरा दाखवू' असं पुष्कळजण म्हणतात. स्वतःच्या लॅपटॉपवर ते उत्तमच. पण हॅलोची किल्ली त्या त्या मशीनमध्येच राहते, आणि एका मशीनवर जास्तीत जास्त दहा जणांचीच नोंद होते. तीन पाळ्या, वर बदली कामगार, पीसी एक. दहाचा आकडा आठवड्यात पार होतो. अशा ठिकाणी कीच बरी. ती ओळखपत्राच्या दोरीत अडकवा, ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मी एकदा पीसीशेजारच्या ड्रॉवरमध्ये चार कींचा गुच्छ पाहिलाय, प्रत्येकीवर नाव आणि पिन लिहिलेली चिकटपट्टी. याला पासवर्डरहित म्हणायचं तर म्हणा.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कोड चालतो का?

लॅपटॉप थेट एन्ट्राला जोडायचा असेल तर चालतो. पहिल्या मांडणीत कोड टाकून पुढे लगेच विंडोज हॅलो लावता येतं. आधीच लावलेल्या मशीनच्या लॉक स्क्रीनवर कोड टाकायचा असेल तर वेब साइन-इन ही सोय ॲडमिननं चालू करून ठेवावी लागते.

कंपनीत जुना डोमेन सर्व्हर (खाती सांभाळणारा कंपनीचा स्वतःचा सर्व्हर) आहे आणि मशीन दोन्हीकडे जोडलेलं आहे, म्हणजे हायब्रिड, तर लॉक स्क्रीनवर टॅप चालत नाही. तिथे आधी पासवर्ड, स्मार्टकार्ड किंवा सिक्युरिटी की घेऊन आत यावं लागतं, मग हॅलो लावताना टॅप देता येतो. आमच्याकडे निम्मी मशीन अशी होती आणि हे आम्हाला सुरुवात केल्यावर कळलं. तुम्ही आधी मोजा.

कोड माणसापर्यंत पोचवायचा कसा?

बाकी सगळं तांत्रिक आहे, मेनू बघून येतं. खरा प्रश्न हा.

टॅप कोड चोरायला कोणाला सर्व्हर फोडावा लागत नाही. हेल्पडेस्कला फोन करून 'मी अमुक बोलतोय, फोन हरवलाय, कोड द्या' म्हटलं की पुरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्सवर सायबर हल्ला झाला. कर्मचाऱ्याचं सोंग घेऊन हेल्पडेस्कला केलेल्या फोनपासून तो सुरू झाला, असं तेव्हा ठिकठिकाणी छापून आलं. कंपनीनं स्वतः नियामकांना सांगितलेला फटका सुमारे दहा कोटी डॉलरचा होता. तिथे टॅप होता असं माझं म्हणणं नाही. पण फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवणारं हेल्पडेस्क कोणतंही दार उघडून देतं, आणि टॅपनं तर एकाच कोडात सगळी दारं उघडतात.

समोरासमोर देणं सर्वांत चांगलं. ओळखपत्र बघा, चेहरा जुळवा, कोड काढा, त्याच्यासमोर नोंदणी करून घ्या. माणूस नागपूरला आणि तुम्ही पुण्यात असाल तर व्हिडिओ कॉल करा आणि त्याच्या थेट मॅनेजरलाही त्यात घ्या. तो ओळखतो, आपण ओळखत नाही. फोनच करायचा असेल तर आलेल्या नंबरवर बोलू नका. फोन ठेवा आणि एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर तुम्ही लावा. जन्मतारीख आणि एम्प्लॉयी कोड विचारून ओळख पटवू नका. जन्मतारीख फेसबुकवर असते आणि एम्प्लॉयी कोड गळ्यातल्या कार्डावर.

नवीन रुजू होणाऱ्यांचा कोड मॅनेजरच्या ईमेलवर आपोआप जाईल अशी व्यवस्था एन्ट्राच्या लाइफसायकल वर्कफ्लोमध्ये करता येते, त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. मोठ्या कंपनीत ते सोयीचं आहे. लहान ठिकाणी मॅनेजरलाच हेल्पडेस्कवर घेऊन या म्हणावं.

मोठ्या साहेबांचे पीए कोड मागतायत. 'साहेबांना वेळ नाही, माझ्याकडे द्या, मी लावून देतो.'

द्यायचा नाही. हे लिहायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. आपल्याकडे साहेबांना ओळखपत्र विचारणं म्हणजे अपमान, आणि 'साहेबांनी सांगितलंय' हा कंपनीतला सर्वांत चालणारा पासवर्ड. नेमकं तेच वाक्य भामटाही वापरतो, कारण ते ऐकल्यावर कोणी पुढे विचारत नाही.

पीएनं कोड टाकून स्वतःच्या फोनवर पासकी नोंदवली तर ती पासकी साहेबांच्या नावानं कायम पीएच्या खिशात राहील. साहेबांच्या मेलला उत्तरं देणं हीच गरज असेल तर मेलबॉक्सवर पीएला रीतसर प्रवेश देता येतो, त्यासाठी साहेब व्हायची गरज नाही. आम्ही हे पीए बाईंना समजावलं तेव्हा त्यांनाच हायसं वाटलं. उद्या काही झालं असतं तर बोट त्यांच्याकडेच आलं असतं.

आमचा मार्ग असा निघाला. रोलआउटच्या पहिल्याच दिवशी आमच्या एमडींना हेल्पडेस्कच्या खुर्चीत बसवलं आणि मी त्यांना सर्वांसमोर म्हटलं, 'सर, आयडी कार्ड?' त्यांनी हसून खिसे चाचपले. कार्ड केबिनमध्ये राहिलं होतं. ते उठून घेऊन आले. त्यानंतर मला कोणी 'ओळखत नाही का?' म्हणून सुनावलं नाही.

कोड कोण काढू शकतं? मी ॲडमिन आहे, स्वतःसाठी काढू का?

स्वतःसाठी काढता येत नाही, आणि ते बरंच आहे. साध्या कर्मचाऱ्यांसाठी ऑथेंटिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर ही भूमिका पुरते. इतर ॲडमिनसाठी कोड काढायचा तर प्रिव्हिलेज्ड ऑथेंटिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर लागतो. हेल्पडेस्कवरच्या प्रत्येकाला ही दुसरी भूमिका वाटू नका.

याचा एक अर्थ लहान कंपन्यांच्या लक्षात येत नाही. एकच ग्लोबल ॲडमिन (सगळे अधिकार असलेला ॲडमिन) असेल आणि त्याचाच फोन नाल्यात पडला, तर त्याला टॅप द्यायला कोणी उरत नाही. म्हणून आणीबाणीची दोन खाती वेगळी ठेवा, प्रत्येकाला सिक्युरिटी की जोडा आणि त्या कपाटात कुलपाखाली ठेवा. ॲडमिन पोर्टलला आता मल्टिफॅक्टर सक्तीचं आहे आणि या खात्यांनाही त्यातून सूट नाही, त्यामुळे लिफाफ्यातला नुसता लांबलचक पासवर्ड आता पुरत नाही.

कोड चुकीच्या हाती गेला. रद्द केला की संपलं?

नाही! रद्द केल्यानं कोड मरतो, पण त्या अवधीत समोरच्यानं स्वतःची पासकी नोंदवली असेल तर ती जिवंत राहते. आधी कोड काढून टाका. मग त्या खात्यावर नोंदलेल्या सगळ्या साइन-इन पद्धती त्या माणसाला शेजारी बसवून तपासा आणि तो ओळखणार नाही ती प्रत्येक उडवा. मग चालू सेशन, म्हणजे आधीच उघडी असलेली लॉगिनं, रद्द करा. ऑडिट लॉगमध्ये कोणत्या ॲडमिननं कोणासाठी कधी कोड काढला ते दिसतं, आणि साइन-इन लॉगमध्ये तो कुठून वापरला गेला तेही. आम्ही दर शुक्रवारी काढलेले कोड आणि आलेली तिकिटं जुळवून बघतो. तिकीट नसलेला कोड दिसला की तो काढणाऱ्याला विचारतो.

फोन हरवला. आता?

हेल्पडेस्कला या, ओळख पटवा, नवा टॅप घ्या, नव्या फोनवर नोंदणी करा. जुन्या फोनवरची नोंद काढून घ्यायला विसरू नका. पहिल्या नोंदणीच्या वेळीच दोन पद्धती नोंदवल्या असत्या, समजा फोन आणि लॅपटॉपवरचं हॅलो, तर ही फेरी पडली नसती.

कोडनं आत आलो, दुपारपर्यंत छान चाललं, मग एकदम बाहेर फेकलं.

टॅपनं मिळालेलं सेशन टॅपच्याच मुदतीपर्यंत चालतं. कोड संपला, सेशन संपलं. म्हणजे तुम्ही आत आलात आणि नोंदणी न करताच काम करत बसलात. या, दुसरा कोड देतो.

बाहेरच्या कंपनीचे लोक आमच्या टीम्समध्ये पाहुणे म्हणून आहेत. त्यांना आम्ही कोड देऊ का?

त्यांचं खातं त्यांच्या कंपनीकडे आहे, कोडही तिथूनच मिळेल.

व्हीपीएनला टॅप चालेना.

व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी वाट) एनपीएस एक्स्टेन्शनमधून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या जोडणीतून, एन्ट्राला विचारत असेल तर टॅप तिथे चालत नाही. एडीएफएस, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून लॉगिन करून देणारी व्यवस्था, तिच्या ॲडॅप्टरचंही तेच. आधी ब्राउझरमध्ये नोंदणी करा, व्हीपीएन नंतर.

सगळं झालं. आता डायरीतला पासवर्ड फाडून टाकू का?

डायरीतून फाडा, पण तो खात्यातून गेलेला नाही. बहुतेकांची इथे फसगत होते. पासकी लावली म्हणजे समोरचं दार बदललं. मागचं जुनं दार तसंच आहे. तुमचा जुना पासवर्ड कोणाला माहीत असेल तर तो मागून येऊन बघू शकतो. ते बंद करणं ॲडमिनचं काम : कंडिशनल ॲक्सेसमध्ये (कोणाला कोणत्या अटीवर आत घ्यायचं हे ठरवणारी एन्ट्राची सोय) अशी अट घालायची की फिशिंगला, म्हणजे खोट्या पानावर माहिती काढून घेण्याला, न बधणाऱ्या पद्धतीनंच आत येता येईल, आणि जुना पासवर्ड कोणालाही ठाऊक नसलेल्या लांबलचक अक्षरांनी बदलून टाकायचा.

मात्र ती अट घालताना एक लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या तयार 'फिशिंग-रेझिस्टंट' पातळीत (पातळी म्हणजे कोणत्या पद्धती चालतील याची यादी) टॅप बसत नाही. अट सरसकट लावली तर नवीन माणसाला टॅप असूनही सिक्युरिटी इन्फोच्या पानावर नोंदणी करता येणार नाही, आणि पुन्हा कोंबडी-अंडं सुरू. नोंदणीच्या पानापुरती स्वतःची वेगळी पातळी बनवा, तिच्यात टॅपचा समावेश करा आणि मगच मोठी अट चालू करा. आम्ही उलट क्रमानं केलं होतं, महिन्याच्या एक तारखेला. त्या दिवशी अकरा जण रुजू होणार होते आणि अकराही जण दुपारपर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून होते.